म्हसरूळच्या डोंगरावर चढलेला बाण: गाडीतल्या नेव्हिगेशनच्या एका बिघाडाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या द्वारका चौकापासून हाकेच्या अंतरावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं वर्कशॉप आहे. पत्र्याची शेड, जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी जागा, मी आणि आयटीआय करून आलेला एक पोरगा. स्टार्टर, अल्टरनेटर, जळलेलं वायरिंग हे आमचं रोजचं काम. पण अलीकडे स्क्रीन, कॅमेरे आणि सेन्सर यांच्या तक्रारी वाढल्या आहेत. हे प्रकरण २०२५च्या दिवाळीनंतरचं. कुणाची ओळख पटू नये म्हणून नावं आणि गाडीची कंपनी गाळली आहे, एक-दोन तपशीलही बदलले आहेत. बिघाड मात्र जसा घडला तसाच सांगतो, त्यात माझ्या हातून झालेल्या चुकाही आल्या.

गाडी २०१६ची, परदेशी बनावटीची सेदान. नेव्हिगेशन कंपनीनंच बसवून दिलेलं, नकाशा एसडी कार्डात. मालकीणबाई स्त्रीरोगतज्ज्ञ. दवाखाना शहरात, आणि दर दुसऱ्या गुरुवारी सुरगाण्याकडच्या पाड्यांवर तपासणीचं शिबिर. गाडी चालवणारे काका गेली वीसेक वर्षं याच धंद्यात आहेत. त्यांना वणीपर्यंत डोळे मिटून नेता येईल, पण पुढं पाड्यांचे फाटे सुरू झाले की त्यांनाही विचारत जावं लागतं. तिथं फोनचं नेटवर्क येतं-जातं. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवता येतो हे मॅडमना माहीत होतं, पण ऐन वेळी ते राहून जायचं. गाडीतलं नेव्हिगेशन नेटवर्कवर चालत नाही, नकाशा कार्डातच असतो. म्हणून त्यांचा सगळा भरवसा त्याच्यावर.

तक्रार

मॅडमनी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन गोष्टी लिहून पाठवल्या होत्या. द्वारकेच्या उड्डाणपुलावरून जाताना बाण खालच्या सर्व्हिस रोडवर दिसतो आणि मध्येच 'डावीकडे वळा' म्हणतो. मुंबईला समृद्धीवरून गेलं की गाडी कोऱ्या माळरानातून चालल्यासारखी दिसते. आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे त्या खऱ्या वैतागल्या होत्या: दिंडोरी रोडला लागल्यावर बाण हळूहळू रस्ता सोडतो. म्हसरूळला गाडी रस्त्यावर आणि बाण गजपंथाच्या डोंगरावर. तेही रोज नाही, कधी कधी. शेवटी एक ओळ होती, 'काच बदलल्यापासून सुरू झालंय.' जुलैत पुढच्या काचेवर ट्रकच्या चाकाखालचा दगड उडाला होता. विम्यातून नवी काच बसली होती.

मी जॉबकार्डवर एवढंच लिहिलं: 'नेव्हिगेशन चुकीची जागा दाखवतं.' तीन तक्रारींची एका ओळीत मोट बांधली. या प्रकरणातली पहिली चूक ती. तीन लक्षणांना तीन वेगळी कारणं होती आणि त्यातल्या दोन गोष्टी बिघाड नव्हत्याच.

उड्डाणपुलाचं आधी उरकतो. उपग्रहावरून जागा काढताना आडवा हिशेब काही मीटरपर्यंत बरा येतो, उंचीचा त्याहून कच्चा. पूल आणि त्याच्या खालचा रस्ता नकाशात जवळजवळ एकावर एक. यंत्र अंदाजानं एक धरतं आणि कधी चुकीचा धरतं. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीतल्या फोनवरही हेच होतं. समृद्धीचं तर त्याहून सोपं. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये. २०१६च्या कार्डात तो ७०१ किलोमीटरचा महामार्ग कुठून येणार? तिथं बाण बरोबर जागी होता, त्याच्या खाली रस्ता नव्हता इतकंच.

म्हणजे खरा रोग एकच, म्हसरूळचा. पण हे मला कळायला आठवडा गेला.

बाण थांबत का नाही

इथं थोडं तांत्रिक सांगावं लागेल. बहुतेकांची फसगत नेमकी इथंच होते, माझीही झाली.

फोनचा जीपीएस गेला की ठिपका गोठतो किंवा फिका पडतो, माणसाला लगेच कळतं. गाडीत बसवून आलेलं नेव्हिगेशन एवढ्यानं हार मानत नाही. त्याला चाकांच्या वेगाची खबर मिळत असते आणि गाडी किती वळली हे सांगणारा जायरो सेन्सरही असतो. उपग्रह दिसेनासे झाले तरी 'एवढं अंतर कापलं, एवढं वळलो' असा हिशेब करत ते बाण पुढं सरकवत राहतं. इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटर लांब बोगद्यातही बाण पुढं जात राहतो, तो याच हिशेबावर.

पण अशा हिशेबात चूक साचत जाते. गावात दर दोन-तीनशे मीटरवर वळण असतं. गाडी वळली की यंत्र नकाशातलं जवळचं वळण शोधून बाण परत रस्त्यावर ओढून घेतं. रविवार कारंजा, पंचवटी, दिंडोरी नाका इथपर्यंत सगळं आलबेल वाटतं. पुढं रस्ता लांबलचक आणि अलगद वाकत गेलेला. ओढून घ्यायला ठळक वळण नाही, साचलेली चूक उघडी पडते आणि बाण डोंगर चढतो. उपग्रह कदाचित गाडी सुरू झाल्यापासूनच मिळत नसतील, पण लक्षात यायचं म्हसरूळला.

त्यामुळे 'गावात चालतं, बाहेर बिघडतं' हे वाक्य ऐकायला साधं असलं तरी दिशाभूल करणारं होतं. आम्ही दिंडोरी रोडवर काय आहे ते शोधत बसलो. मोबाइलचे टॉवर, विजेच्या मोठ्या तारा, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

तपासाची पहिली फेरी

गाडी आली त्या सकाळी काकांना म्हटलं, 'तुम्ही चहा घ्या, मी एक चक्कर मारून येतो.' माझा फोन मरायला टेकला होता, तो गाडीतच चार्जिंगला लावला आणि म्हसरूळपर्यंत जाऊन आलो. बाण रस्त्याच्या मधोमध, अगदी शहाण्यासारखा. परत आल्यावर शेडमध्ये गाडी लावली आणि नेव्हिगेशनचं तपासणीचं पान उघडलं. ते बहुतेक गाड्यांत लपवलेलं असतं, दोन बटणं एकदम दाबून धरली की येतं. त्यावर उपग्रहांची यादी असते: किती दिसायला हवेत, किती वापरात आहेत, प्रत्येकाचा सिग्नल किती. वापरातले शून्य.

मी म्हणालो, सापडलं. पोरगा म्हणाला, 'दादा, वर पत्रा आहे.'

बरोबर होतं त्याचं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की रेडिओलहरींच्या नेहमीच्या गोंगाटाच्याही खाली दबलेला असतो. ठरलेला संकेत आधीच माहीत असल्यामुळेच यंत्र तो गोंगाटातून उपसून काढतं. पत्र्याखाली शून्य येणं म्हणजे यंत्र ठीक असल्याचाही पुरावा नाही आणि बिघडल्याचाही नाही.

गाडी बाहेर काढली. उघड्या आकाशाखाली दोन मिनिटांत नऊ उपग्रह वापरात आले, सिग्नलचे आकडे चाळिशीच्या आसपास. जागा अक्षांश-रेखांश-उंचीसकट काढायला चार पुरतात. गाडीनं साठवलेल्या दोषांच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला तर जुनी नोंद निघाली, 'उपग्रह सिग्नल अधूनमधून नाही'. अँटेनाच्या सर्किटमध्ये दोष नाही असंही त्याच यादीत होतं. अँटेनाच्या कपलरवर मल्टिमीटरनं ४.९ व्होल्ट आले. या अँटेनात सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट असतं आणि त्याला सिग्नलच्याच वायरीतून वीज जाते. या गाडीत ५ व्होल्ट अपेक्षित, तेही जागेवर.

पोरानं तेवढ्यात मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला होता. जीपीएस आठवड्यांची मोजणी १०२४पर्यंत करतं आणि मग पुन्हा शून्यावर येतं. असं ६ एप्रिल २०१९ला झालं तेव्हा काही जुन्या यंत्रांची तारीख एकदम १९-२० वर्षं मागं गेली. आपलंही तेच असेल, असं त्याचं म्हणणं. विचार चांगला होता. पण स्क्रीनवरची तारीख बरोबर होती, आणि असा दोष आला की तो येऊन-जाऊन राहत नाही, कायमचा बसतो. तो मुद्दा तिथंच खोडला.

काचेचं काय? धातूचा पातळ थर दिलेल्या काचा असतात, उन्हाची फिल्म असते. दोन्ही जीपीएसचा सिग्नल अडवू शकतात. या गाडीला फिल्म नव्हती. आणि काच कधी अडवते, कधी सोडते असं होत नाही. अडवायचं तर रोज अडवेल. एवढा साधा तर्क मी केला खरा, पण काचेला वगळताना 'काच बदलल्यापासून' यातलं 'पासून'ही वगळून टाकलं. त्याच आठवड्यात गाडीत आणखी काय बदललं, हे विचारलंच नाही.

समोरचे पर्याय

मॅडम आधीच एका सर्व्हिस सेंटरला जाऊन आल्या होत्या. तिथून अख्खं युनिट बदलायचं कोटेशन होतं, १ लाख ३४ हजार. बिघाड कुठं आहे हे कुणी पाहिलेलं नव्हतं, पण अंदाजाची किंमत मात्र पक्की होती.

दुसरा पर्याय बाजारातली अँड्रॉइड स्क्रीन बसवण्याचा. वीस-पंचवीस हजारांत काम, नकाशेही ताजे. पण या गाडीत एसीची माहिती, मागचा कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं सगळी त्याच युनिटला जोडलेली. ते काढलं की प्रत्येकासाठी वेगळा अ‍ॅडॅप्टर, आणि तरी काही ना काही बंद राहणारच. तिसरा, भंगारात गेलेल्या तशाच गाडीचं युनिट आणून लावायचं. अशा युनिटला चोरीविरुद्धचा कोड असतो, ते मूळ गाडीशी बांधलेलं असतं. कोड जुळवणारा माणूस नाशिकमध्ये मला खात्रीचा मिळाला नाही. चौथा, नेव्हिगेशन विसरून फोन स्टँडवर लावायचा. काकांचं मत याच बाजूचं होतं, पण ते त्यांनी मॅडमसमोर सांगितलं नाही.

पाचवा पर्याय माझा: अँटेना बदलून बघायची. अँटेना डॅशबोर्डच्या वरच्या भागात, स्क्रीनच्या मागं, काचेखाली बसवलेली. नऊ वर्षं नाशिकचं एप्रिल-मेचं ऊन खाल्लेली. उन्हानं आतलं सर्किट गरम झाल्यावर अधूनमधून मरत असेल, अशी माझी समजूत. समजूत वाईट नव्हती. पण त्यासाठी पुरावा काय, तर 'कधी कधी' हे दोन शब्द.

इथं थांबायला हवं होतं. माझ्याकडे टपावर चिकटवायची साधी चुंबकाची जीपीएस अँटेना पडून होती. योग्य कपलर लावून ती दोन दिवस जोडून दिली असती तर पैसा न खर्चता उत्तर मिळालं असतं. मी ४,६०० रुपयांची अँटेना मागवली.

अँटेना बदलली आणि गाडी बरी झाली

डॅशबोर्डचं वरचं झाकण काढायला अर्धा दिवस गेला. या गाड्यांच्या क्लिपा जुन्या झाल्या की काढताना कडकन मोडतात. दोन मोडल्या, दोन नव्या घातल्या. नवी अँटेना बसवली, गाडी बाहेर काढली, दहा उपग्रह. म्हसरूळला जाऊन आलो, बाण सरळ. मॅडमना फोन केला. झाकण काढल्याचे १,५०० धरून ६,१०० रुपये घेतले. त्या म्हणाल्या, 'सव्वा लाख वाचवलेत.' मलाही तसंच वाटलं. पोराला संध्याकाळी मिसळ खाऊ घातली.

तीन दिवस छान गेले. चौथा दिवस गुरुवार. दुपारी मॅडमचा फोटो आला: स्क्रीन, डोंगराचा हिरवा रंग आणि त्याच्या माथ्यावर बाण. खाली एकच शब्द, 'पुन्हा.'

काकांचं बोलणं

शुक्रवारी काका गाडी घेऊन आले. या वेळी मी त्यांना चहाला पाठवलं नाही, शेजारी बसवलं आणि विचारलं, सोमवारपासून काल सकाळपर्यंत गाडीत काय काय झालं ते सगळं सांगा. पेट्रोल कुठं भरलं, गाडी कुठं धुतली, सगळं.

ते आठवून आठवून सांगत होते. मग म्हणाले, 'बाकी काही नाही भाऊ. तुम्ही ती कॅमेऱ्याची पिन काढून खणात टाकली होती ना, ती तेवढी मी काल परत लावली. मॅडमनी विचारलं, रेकॉर्डिंग का होत नाही म्हणून.'

हातात चहाचा ग्लास होता. तो तसाच बोनेटवर ठेवला.

काचेवर दगड बसला तेव्हा चूक कुणाची यावरून ट्रकवाल्याशी वाद झाला होता. म्हणून नवी काच बसली त्याच आठवड्यात मॅडमनी ऑनलाइन डॅशकॅम मागवला. काकांनी तो आरशामागं चिकटवला, वायर स्क्रीनच्या बाजूनं डॅशबोर्डवरून खाली आणली आणि पिन लायटरच्या सॉकेटला लावली. गाडीत सॉकेट एकच. पहिल्या दिवशी मी चक्कर मारायला निघालो तेव्हा फोन चार्ज करायला तीच पिन उपटली होती. दुसऱ्यांदा, अँटेना बसवून झाल्यावरही तेच. म्हणजे मी ज्या ज्या वेळी तपासणी केली, त्या त्या वेळी आधी आजाराचं कारण स्वतःच्या हातानं बाजूला काढून ठेवलं आणि मग रोगी ठणठणीत आहे असं ठरवलं.

आणि 'कधी कधी' याचं कोडंही तिथंच सुटलं. काकांचा फोन उतरला असेल त्या दिवशी ते कॅमेऱ्याची पिन काढून आपला चार्जर लावत. त्या दिवशी नेव्हिगेशन बरोबर. फोन घरून भरून आणला असेल त्या दिवशी कॅमेरा चालू आणि बाण डोंगरावर. शिबिराच्या दिवशी तर ते हटकून फोन रात्रभर चार्ज करून आणत.

कारण पक्कं करणं

या वेळी घाई केली नाही. तपोवनाकडे मोकळ्या जागेत गाडी उभी केली, तपासणीचं पान उघडून ठेवलं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. प्रत्येक बदलानंतर पाच मिनिटं थांबायचं. पोरगा आकडे लिहीत होता.

कॅमेरा बंद: दहा उपग्रह वापरात, आकडे ३८ ते ४५. पिन लावली: काही सेकंदांत आकडे घसरायला लागले, पंचविशीच्या खाली गेले, आणि वापरातले उपग्रह आधी तीन, मग एक, मग शून्य. पिन काढली: हळूहळू परत सगळे. हे चारदा करून पाहिलं, चारही वेळा तसंच.

आता प्रश्न असा की दोष कॅमेऱ्याचा की त्याच्या चार्जरचा? इथं पोरानं डोकं लढवलं. त्यानं कॅमेरा चार्जरवरून काढून आपल्या पॉवर बँकेला जोडला. आकडे दोन-चारनं उतरले, उपग्रह नऊ. मग तो चार्जर सॉकेटला तसाच ठेवून त्यावर कॅमेऱ्याऐवजी फोन लावला. उपग्रह दोन. मुख्य गुन्हेगार चार्जर, कॅमेरा फार तर साथीदार.

असा चार्जर गाडीच्या १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करतो. त्यासाठी तो वीज सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद करतो. प्रत्येक चालू-बंदीबरोबर रेडिओचा कचरा उडतो. चांगल्या चार्जरमध्ये तो अडवायला गाळणी असते. स्वस्तातल्यात तीच पहिली काटतात. जीपीएसचा मुख्य सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि तो इतका दुबळा की त्या जवळपास थोडा जरी कचरा पडला तरी अँटेना बधिर होते. त्यात काकांनी वायर नेली होती अँटेनाच्या झाकणावरून, जेमतेम चार बोटांच्या अंतरावरून. ती वायरच कचरा फेकणारी अँटेना झाली होती. चार्जरचा आवाज एफएम रेडिओवरही खरखरीच्या रूपात ऐकू आला असता, पण मॅडम गाडीत रेडिओ लावत नाहीत.

उपाय

कॅमेरा काढून टाकणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. मॅडमना तो मान्य नव्हता, आणि ट्रकवाल्याचा अनुभव घेतलेल्या माणसाला तो मान्य नसणं बरोबरच आहे. फक्त चार्जर बदलला असता तरी बहुधा भागलं असतं. पण वायर अँटेनावरून जात राहिली असती, आणि उद्या कुणी पुन्हा स्वस्तातला चार्जर लावला की आम्ही पुन्हा म्हसरूळच्या डोंगरावर.

म्हणून दोन्ही केलं. जरा बऱ्यापैकी बनावटीचा, कायमचा जोडायचा चार्जर घेतला आणि डाव्या बाजूच्या फ्यूजबॉक्समधून, वेगळा फ्यूज देऊन, चावी फिरवल्यावरच चालू होईल असा जोडला. वायर आरशामागून छताच्या कापडाच्या कडेनं डावीकडे नेली आणि काचेशेजारच्या खांबातून खाली आणली. या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. वायर तिच्या पुढून गेली तर अपघातात एअरबॅग उघडताना अडकते, म्हणून मागून, मूळ वायरिंगच्या जुडीला बांधून न्यायची. घाईत काम करणारे पुष्कळ जण ती नुसती पुढून खोचून देतात. वायरीच्या दोन्ही टोकांना, तिच्यातून येणारा रेडिओचा कचरा अडवणाऱ्या फेराइटच्या क्लिपा लावल्या. सामान आणि मजुरी धरून १,९०० रुपये.

एक किरकोळ गोष्ट राहिली होती. डॅशबोर्डवर गणपती होता, स्टीलच्या तबकडीवर चिकटवलेला, बरोबर अँटेनाच्या डोक्यावर. धातूची तबकडी अँटेनावर झाकण घातल्यासारखी असते. मी ती गोष्ट मॅडमऐवजी काकांना सांगितली. त्यांनी आधी हात जोडले, मग गणपती वीतभर डावीकडे सरकवला. एक उपग्रह वाढला.

निकाल

कॅमेरा चालू असताना आता आठ ते दहा उपग्रह वापरात राहतात. पुढच्या चार शिबिरांत बाणानं रस्ता सोडला नाही. उड्डाणपुलाची तक्रार तशीच आहे आणि राहणार; मॅडमना समजावून सांगितल्यावर त्यांनी ती सोडून दिली. या गाडीसाठी नवं नकाशाचं कार्ड मिळवण्यात पैसे घालण्यात अर्थ वाटला नाही. समृद्धीवर त्या फोन लावतात, सुरगाण्याकडे गाडीतला नकाशा.

पैशाचं बोलणं अवघड होतं. अँटेना परत घेत नव्हते, आणि जुनी अँटेना चांगली होती हे आता मला ठाऊक होतं. जुनी परत बसवून नवी आपल्याकडे ठेवावी असंही मनात आलं. पण त्यासाठी डॅशबोर्ड पुन्हा उघडायचा, पुन्हा क्लिपा मोडायच्या. शेवटी १,५०० मजुरी परत केली आणि अँटेनाची किंमत निम्मी-निम्मी वाटून घेतली. मॅडम 'राहू द्या' म्हणाल्या. नाही राहू दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

बिघाड फक्त रस्त्यावर दिसतो आणि वर्कशॉपमध्ये दिसत नाही, हीच मोठी खूण होती. मी तिचा अर्थ 'गरम झाल्यावर बिघडतं' असा लावला, 'वर्कशॉपमध्ये आल्यावर गाडीत काहीतरी बदलतं' असा नाही. बदलणारा मीच होतो.

पहिल्या चकरीला काकांना बरोबर नेलं असतं तर त्यांनी मी पिन काढताना पाहिलं असतं, बहुधा टोकलंही असतं. तक्रार लिहिते मालक, गाडी जगतो ड्रायव्हर. मॅडमचं 'काच बदलल्यापासून' खोटं नव्हतं. त्यांना काच आठवली कारण तिचं बिल मोठं होतं. काकांना कॅमेरा आठवला कारण तो त्यांनी स्वतः चिकटवला होता.

सर्व्हिस सेंटरवर मी मनातल्या मनात हसलो होतो, न तपासता युनिट बदला म्हणतात म्हणून. मीही न तपासता अँटेना बदलली, फक्त माझी चूक स्वस्त होती. आणि अँटेना बदलल्यावर गाडी बरी झाली तेव्हा जुनी अँटेना परत लावून बिघाड परत येतो का, हे पाहायला हवं होतं. कंटाळवाणं काम आहे, गिऱ्हाईक घाईत असतं, पैसे हातात आलेले असतात. कोण करतो?

जॉबकार्डावर आता वर एक नवीन रकाना छापून घेतला आहे: 'गाडी आली तेव्हा सॉकेटला, यूएसबीला आणि आरशामागं काय लावलेलं होतं?' तो भरल्याशिवाय पोरगा गाडीला हात लावत नाही. मी मात्र फोनची पॉवर बँक खिशात ठेवतो. काकांना नवा चार्जर कितीही समजावला तरी वणी ओलांडली की ते अजून आरशामागं हात घालून कॅमेऱ्याची वायर थोडी सैल करतात, आणि परत येताना दाबून बसवतात. मॅडमना हे माहीत नाही.